कुलूची जुडी कुणाच्या हद्दीत?

कोर्टाचे काम आटोपून आम्ही संध्याकाळी घराकडे वळतो, तेव्हा जून महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून चिखलोलीच्या रस्त्याला तीन-चार आदिवासी भगिनी टोपल्या मांडून बसलेल्या असतात. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पुढ्यात ओल्या गोणपाटावर हिरव्या पातीच्या जुड्या, आणि लांबवर मलंगगड-चंदेरीच्या डोंगरांवर उतरलेले ढग. नऊ पावसाळे आम्ही हे दृश्य पाहिले आणि नऊही पावसाळे मोटारसायकल न थांबवता पुढे निघून गेलो.

यंदा थांबलो, तेही भाजी घ्यायला नव्हे. पावसाचा जोर वाढला म्हणून एका दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहिलो आणि तिथेच बसलेल्या मावशींनी न विचारता जुडी पुढे केली. "घे दादा, कुलू हाय. वीस रुपयाला दोन." आम्ही जुडी हातात घेतली. कांद्याच्या पातीसारखी लांब, पण पोकळ नाही. चपटी, गवतासारखी, बुडाशी पांढरी. आमच्या तोंडून निघून गेले, "मावशी, हे तर गवत आहे."

त्यांनी आमच्याकडे नीट पाहिले. "गवत गुरं खात्यात, दादा. ही मान्सं खात्यात."

वीस वर्षे उलटतपासण्या घेणाऱ्या माणसाला यावर प्रतिप्रश्न सुचला नाही. आम्ही दोन जुड्या घेतल्या. घरी येईपर्यंत डोक्यात एकच विचार होता. ज्या समाजाला या देशाने शतकानुशतके माणूस मानले नाही, त्या समाजातला शिकलेला माणूस दुसऱ्याच्या जेवणाला इतक्या सहजपणे गवत म्हणतो, हे त्याच्या जिभेवर आले कुठून?

त्या रात्रीची भाजी बिघडली, हे आधी कबूल करतो. आम्ही ती कांद्याच्या पातीसारखी चिरली, एका पाण्यातून काढली आणि फोडणीत टाकली. पहिल्याच घासाला दाताखाली माती कचकचली आणि दुसऱ्या घासाला एक धागा दातात अडकला. मुलगी ताटावरून उठली. आमच्या आईने मात्र घास गिळून एवढेच विचारले, "मातीच खायची होती, तर वीस रुपये कशाला घातले?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तक्रार घेऊन गेलो. मावशी हसल्या आणि तिथेच, भर रस्त्यात, एक जुडी सोडून आम्हाला शिकवू लागल्या. त्यांनी जे सांगितले ते आम्ही कोर्टाच्या डायरीत लिहून घेतले, ते असे. जुडी घेताना मधोमध फुलाचा दांडा निघाला आहे का, हे पाहायचे. निघाला असेल तर पात जून झाली, घ्यायची नाही. पावसाच्या पहिल्या महिन्यात ही भाजी कोवळी मिळते, पुढे ती पांढऱ्या फुलांवर येते आणि चरबट होते. बुडाचा अर्धा बोट भाग कापून टाकायचा. पाने बुडाशी एकात एक घडी घातल्यासारखी बसलेली असतात आणि डोंगराची माती नेमकी त्या घडीत साचते, म्हणून प्रत्येक पान सुटे करायचे. पांढऱ्या भागाच्या आत कडक दांडा असतो, तो चिमटीत धरून ओढून टाकायचा. तोच आमच्या दातात अडकलेला धागा. मग तीन-चार पाण्यांनी धुवायचे, शेवटचे पाणी नितळ निघेपर्यंत. आणि बारीक चिरायचे, अगदी बारीक.

पुढचे काम सोपे आहे. चण्याची डाळ दोन तास भिजवून ठेवायची. घाई असेल तर मुगाची डाळ अर्ध्या तासात भिजते. तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कांदा परतायचा. कांदा सढळ हाताने घालावा. मग डाळ, डाळ अर्धी शिजली की भाजी. वरून पाणी घालायचे नाही, धुतलेल्या पानांचे पाणी तिला पुरते. मीठ सगळ्यात शेवटी. कढईभर दिसणारी ही भाजी पाच मिनिटांत मूठभर होते आणि आधी अंदाजाने घातलेले मीठ मग खारट लागते. चार माणसांना तीन जुड्या लागतात. चव म्हणाल तर मेथीचा कडवटपणा नाही, पालकासारखी ती गिळगिळीत होत नाही, थोडीशी कोवळ्या कोबीच्या जवळ जाते. बेसन आणि तांदळाचे पीठ घालून तिची भजीही छान होतात. मुलीने ती खाल्ली. आमच्या घरात कुलूला मान्यता मिळाली ती भज्यांच्या मार्गाने, हे नोंदवून ठेवतो.

आणखी एक गोष्ट येथे लिहिली पाहिजे, ती आमच्या बांधवांना फारशी आवडणार नाही. त्या दिवशी पाने सुटी करायला आम्हाला पाऊण तास लागला. पत्नी नोकरी करून आलेली, आई थकलेली, म्हणून आम्ही स्वतः बसलो. समतेवर आम्ही गावोगाव भाषणे दिली आहेत, हिंदू कोड बिलावर तर न थांबता दोन तास बोलू शकतो. पण भाजी निवडायला जमिनीवर पाऊण तास बसण्याची आमच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती. पालेभाजी स्वस्त असते असे आपण पुरुष म्हणतो, कारण तिची अर्धी किंमत घरातल्या बाईच्या वेळातून वसूल होते.

आता या भाजीची ओळख. तिला कुठे कुलू म्हणतात, कुठे कुळू, कुठे फोडशी. शास्त्रीय भाषेत ती क्लोरोफायटम कुळातली, म्हणजे औषधी दुकानांत महाग विकल्या जाणाऱ्या सफेद मुसळीच्या घराण्यातली. ती कुणी पेरत नाही. तिचा कंद उन्हाळाभर जमिनीत झोपलेला असतो आणि पहिल्या पावसाला उताराच्या गवतात पात वर येते. म्हणजे आमचे "गवत आहे" हे विधान अगदीच निराधार नव्हते. ती गवतातच वाढते आणि गवतासारखीच दिसते. तिला गवतातून वेगळे काढणारा डोळा हवा, आणि तो डोळा आमच्याकडे नव्हता.

तो डोळा म्हणजे विद्याच आहे, असे आमचे म्हणणे आहे. पुरावा कायद्यात तज्ज्ञाच्या मताला स्थान आहे. १८७२ च्या जुन्या कायद्यात ते कलम ४५ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम ३९ आहे, आणि विज्ञान व कला यांच्या जोडीला त्यात "अन्य कोणतेही क्षेत्र" असे शब्द आले आहेत. आम्ही वकील मंडळी या शब्दांचा अर्थ आपापल्या प्रकरणापुरता लावू. पण मावशींच्या टोपलीपुढे उभे राहिल्यावर आम्हाला वाटले की या क्षेत्रातली विशेष कौशल्य असलेली व्यक्ती म्हणून साक्षीला बोलवायचे झाले, तर शाळेची पायरीही न चढलेली ही बाईच बोलवावी लागेल. याच पावसात, याच झुडपांत कळलावी उगवते. तिच्या पानाचे टोक तारेसारखे वळलेले असते, फूल आगीच्या ज्वाळेसारखे सुंदर असते आणि तिचा कंद माणसाला मारू शकतो. कोणते पान ताटात आणि कोणते रानातच, हा निवाडा या भगिनी रोज करतात. त्यात चूक झाली तर त्यावर अपील नाही.

म्हणून वाचकांना एक सूचना. हा लेख वाचून कुणी पिशवी घेऊन डोंगरावर जाऊ नये. अनोळखी पान स्वतः तोडून खाऊ नये. ओळखणाऱ्याकडून घ्यावे, आणि घेताना "कसे शिजवायचे?" हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊन निघून जाऊ नये. शेवळाचेच पाहा. जांभळट कोंब टोपलीत मोठा देखणा दिसतो, पण नुसता शिजवला तर घसा अक्षरशः ओरबाडला जातो, कारण त्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. त्याच्याबरोबर काकडाची आंबट फळे घ्यावी लागतात. म्हणूनच शेवळ विकणारी बाई त्याच टोपलीत हिरवे काकडही ठेवते. अडाणी गिऱ्हाईक शेवळ घेते आणि काकड वगळून चार पैसे वाचवते. भारंगीची पाने कडू म्हणून उकळून पाणी टाकायचे आणि वाल किंवा डाळ घालून करायची. प्रत्येक पानाबरोबर त्याची रीत येते. आपण पान विकत घेतो आणि रीत फुकट मिळाल्यासारखी घेतो.

टाकळ्याची गोष्ट याहून वेगळी झाली. एका रविवारी मावशींनी कुलूबरोबर गोलसर कोवळ्या पानांचा एक वाटा दिला. "टाकळा. लसूण-कांदा घाल, वरून खोबरं घाल." आम्ही तो घरी आणून आईसमोर ठेवला. आईने एक पान हातात घेतले, वास घेतला आणि ती गप्प झाली. मग म्हणाली, "हा तर तरोटा."

आमचे मूळ गाव बुलढाणा जिल्ह्यातले. तिकडे टाकळ्याला तरोटा म्हणतात. पहिल्या पावसानंतर बांधावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेला तो मोकाट वाढतो. १९७२ च्या दुष्काळानंतर पाऊस आला आणि सगळ्यात आधी तरोटा आला, असे आई सांगते. धान्य नव्हते, तेव्हा मूठभर ज्वारीच्या पिठात तो शिजवून तिच्या आईने सहा जणांना जगवले. शाळेत जाऊ लागल्यावर मात्र गावातल्या इतर मुली "तरोटा खाणारे" म्हणून चिडवत. लग्न होऊन आई इकडे कारखान्याच्या पट्ट्यात आली, भाड्याच्या खोलीत संसार मांडला आणि त्या दिवसापासून तिने तरोट्याचे नाव काढले नाही. पोरांना कळू दिले नाही. रस्त्यावरच्या टोपलीत टाकळा या नावाने बसलेली ती भाजी तिने कित्येकदा पाहिली होती, ओळखलीही होती. आम्ही नऊ वर्षे थांबलो नाही, ते आम्हाला माहीत नव्हते म्हणून. आई थांबली नाही, ती माहीत होते म्हणून.

येथे आम्हाला चळवळीतल्या वाचकांशी स्पष्ट बोलायचे आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस खाणे आणि उष्टे-शिळे तुकडे मागून आणणे सोडा, असे बजावले. लोकांनी ते सोडले. गावकीची कामे नाकारली, मार खाल्ला, बहिष्कार सोसले, पण सोडले. जगाच्या इतिहासात उपाशी माणसांनी स्वाभिमानासाठी अन्न नाकारल्याची अशी उदाहरणे थोडी असतील. त्या निर्णयाबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु सोडताना आपण एक गफलत केली. गावाच्या दारातून मागून आणलेला तुकडा आणि रानातून स्वतःच्या हाताने खुडून आणलेले पान, या दोहोंना आपण एकाच गाठोड्यात बांधून फेकून दिले. तरोटा कुणाच्या दारात जोहार घालून मिळत नव्हता. त्यासाठी कुणाच्या उंबऱ्याबाहेर पदर पसरावा लागत नव्हता. आमच्या आजीच्या आयुष्यात कुणाचेही उपकार न घेता मिळालेले जे थोडे अन्न होते, त्यात तरोटा होता. आणि लाज नेमकी त्याची वाटली. कारण तो गरिबाचा पुरावा होता आणि गावाने तो पुरावा म्हणूनच वापरला.

शाहू पाटोळे यांनी "अन्न हे अपूर्णब्रह्म" या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यजीवनाची नोंद करून ठेवली आहे. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही आला. ते पुस्तक आपल्या घरात असावे. आपल्या मुलांनी ते इंग्रजीतून वाचले आणि मग आजीला मराठीतून प्रश्न विचारले, तरी चालेल. मात्र आजी आहे तोवर विचारावे.

आम्ही ज्या न्यायालयात काम करतो ते उल्हासनगर फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांनी वसवलेले शहर. कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत ते आले तेव्हा घरदार, जमीन, दुकाने सगळे मागे राहिले होते. पण त्यांची साई भाजी मागे राहिली नाही. पालक, चुका, चण्याची डाळ एकत्र शिजवून घोटलेली ती भाजी आजही त्यांच्या घरात तितक्याच प्रेमाने होते. आमच्या एका सिंधी पक्षकाराच्या घरी ती आम्ही प्रथम खाल्ली, तेव्हा त्यांच्या आईने चुका शोधायला किती बाजार पालथे घातले होते, ते त्यांनी अभिमानाने सांगितले. त्यांनी प्रांत गमावला आणि पान जपले. आपण गाव सोडले, ते सोडायलाच हवे होते, आणि गावाबरोबर पानही सोडले. दोन्ही माणसे याच लोकल गाडीत शेजारी बसून प्रवास करतात.

गेली काही वर्षे ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. चांगली गोष्ट आहे. शहरी मंडळी फोटो काढतात, पाककृतींच्या स्पर्धा होतात. पण बक्षीस पाककृतीला मिळते आणि पाककृती मांडणारी बहुधा ती असते जिला डोंगर चढावा लागत नाही. महोत्सव संपल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात डोंगरावर जाऊन, दुपारपर्यंत खुडून, जुड्या बांधून, डोक्यावर वाहून आणणारी बाई पुन्हा रस्त्याच्या कडेला बसते. आणि आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. ती कुठे बसते?

जुलै महिन्यात आमच्या डोळ्यांदेखत एका रेल्वे स्थानकाच्या जिन्याजवळ टोपली उलटली गेली. पथक आले, पळापळ झाली, दोन बायका पळू शकल्या नाहीत. कुलूच्या जुड्या चिखलात गेल्या, वरून लोकांचे पाय पडले. आम्ही पुढे होऊन ओळखपत्र दाखवले आणि कायदा सांगू लागलो. पथ विक्रेता कायदा २०१४ म्हणतो की विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन त्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. माल जप्त केला तर त्याची यादी करून तिची प्रत द्यावी लागते. नाशवंत माल तर मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यावा लागतो. भाजीपेक्षा नाशवंत काय असते? पथकातला माणूस शांतपणे ऐकत होता. मग त्याने बुटाने फरशीवरची एक रेघ दाखवली. "साहेब, रेघेच्या आत रेल्वे. तुमचा कायदा रेघेबाहेर."

तो बरोबर होता, आणि आम्ही वकील असून चुकलो होतो. या कायद्याच्या पहिल्याच कलमात रेल्वेच्या मालकीच्या जमिनी, जागा आणि गाड्या वगळल्या आहेत. रेघेच्या आत रेल्वे कायदा १९८९ चे कलम १४४ चालते आणि ते परवान्याशिवाय माल विकायला मनाई करते. म्हणजे मावशींनी टोपली चार पावले इकडे ठेवली तर त्या कायद्याने संरक्षित विक्रेत्या, आणि चार पावले तिकडे ठेवली तर आरोपी. पाऊस लागू नये म्हणून त्या छपराखाली सरकतात, आणि छप्पर रेल्वेचे असते.

तोच माल डोंगरावरून उतरताना मात्र हक्काचा असतो. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३ (१) (ग) नुसार गौण वनोपज गोळा करणे, वापरणे आणि विकणे यावर आदिवासींची मालकी मान्य झालेली आहे, आणि गौण वनोपजात वनस्पती, मुळे, कंद हे सारे येते. त्याच कलमात जैवविविधतेविषयीच्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्कही सांगितला आहे. हे हक्क मिळवायला दावा दाखल करावा लागतो, ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि मुंबईच्या कुशीतल्या या वाड्यांपर्यंत तो कागद किती पोहोचला हा निराळा लेख होईल. पण कायदा आहे. जंगलात संसदेने मालकीण मानलेली बाई फलाटाजवळ आली की अतिक्रमण होते, ही आपल्या राज्यव्यवस्थेची कमाल आहे.

आणखी एक बोचरी गोष्ट. त्या दिवशी ज्याने रेघ दाखवली, त्याच्या मनगटावर निळा धागा होता. आम्ही जय भीम म्हटले, त्यानेही म्हटले. नोकरी करतो, वरून हुकूम येतो, असे म्हणाला. आम्ही त्याला दोष देत नाही, त्याच्या घरात त्याच पगाराची चूल आहे. पण बाबासाहेबांनी आपल्याला मोक्याच्या जागा पटकवायला सांगितले ते उलटलेल्या टोपल्यांची मोजदाद ठेवायला नव्हे. निदान हुकूम पाळताना माल चिखलात न टाकता उचलून रेघेबाहेर ठेवता येतो. तेवढे करायला कुणाची परवानगी लागत नाही.

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मध्ये चिखलोली हे नवे स्थानक होऊ घातले आहे. जाहिरातींच्या फलकांवर इमारतींच्या किमतीआधी त्याचे नाव येते. स्थानक हवेच. आम्हालाही सकाळी सात वाजता गर्दीत लोंबकळत जायची हौस नाही. पण स्थानक आले की पुढचा रस्ता येईल, रिक्षातळ येईल, पार्किंग येईल, दुकानांचे गाळे येतील. या सगळ्यांच्या जागा नकाशावर आधी आखल्या जातात. टोपलीची जागा आखली जात नाही आणि मग टोपली अडथळा ठरते. आमची मागणी साधी आहे. स्थानकाबाहेरच्या नगरपरिषदेच्या हद्दीत, रेघेच्या बाहेर पण वाहत्या पायवाटेला लागून, रानभाजी विकणाऱ्या महिलांसाठी छप्पर असलेली पट्टी आताच नकाशावर दाखवावी. कायद्यानुसार नगर पथ विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले असावे लागतात, त्यात एक तृतीयांश महिला असाव्या लागतात, आणि अनुसूचित जमातींना प्रतिनिधित्व द्यावे लागते. ही जागा ठरवताना त्या समितीत डोंगरावरून येणारी एक तरी बाई बसलेली असावी.

जागा मिळाली आणि भाजीच उरली नाही, असेही होऊ शकते. कुलू उतारावरच्या मोकळ्या गवतात येते. उतार पोखरून सपाट केला आणि त्यावर इमारत उभी राहिली की तो कंद पुन्हा उगवत नाही. मावशी आताच सांगतात की पूर्वी तासाभरात टोपली भरे, आता अर्धा दिवस जातो. टाकळा मात्र चिवट आहे, तो कारखान्याच्या कुंपणाला आणि सांडपाण्याच्या नाल्याकाठीही हिरवागार वाढतो. तेथला टाकळा कुणीही तोडू नये. रसायनांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी पानाच्या हिरवेपणावर विश्वास ठेवू नये. आम्ही मावशींना पहिल्याच आठवड्यात विचारले होते, कुठून आणता? त्यांनी डोंगराकडे बोट दाखवले आणि वर सुनावले, "नाल्याचं आम्ही आमच्या पोरांना घालत नाय, तुला कसं देऊ?" कंद कधी उपटायचा नाही, पात तेवढी कापायची, म्हणजे पुढच्या वर्षी ती पुन्हा येते, हा नियमही त्यांचाच.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तेव्हा पडीक आणि गायरान जमिनी कसणाऱ्यांच्या नावे करा ही मागणी होती. हजारो लोक तुरुंगात गेले. त्या पडीक जमिनींवर तेव्हाही काहीतरी उगवत होते आणि कुणाच्या तरी चुलीवर शिजत होते. ज्या जमिनीला सरकारी कागदात पडीक म्हणतात, ती गरीब बाईच्या हिशेबात कधीच पडीक नसते.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, त्या संध्याकाळी आमच्या विहारात ग्रंथवाचनानंतर आम्ही पातेलेभर टाकळा आणि बाजरीच्या भाकरी नेल्या. नगरच्या एक ताई, कोकणातल्या दोन, आमच्या वऱ्हाडातल्या चौघी-पाच जणी. पहिल्यांदा कुणी हात लावेना. मग एकीने विचारले, तरोटा आहे का? दुसरी म्हणाली, आमच्याकडे टाकळा. पुढचा तासभर त्या कुर्डू, घोळ, पाथरी, तांदुळजा, कुंजर अशी नावे एकमेकींना सांगत राहिल्या. आम्हाला मध्ये बोलायला वाव मिळाला नाही. आमची आई सगळ्यात जास्त बोलली.

अर्जाचा मसुदा तयार आहे. पण परवा तो वाचून दाखवला तेव्हा मावशींनी एक हरकत घेतली आणि ती कायद्याच्या दृष्टीने भक्कम आहे. "माझं नाव लिवशील, बरं हाय. पर मी बसते पावसात चार म्हैने. दिवाळीनंतर आम्ही वीटभट्टीवर. तवा तुझे सायेब मोजाया आले तर मी कुठं सापडू?" सर्वेक्षण पाच वर्षांतून एकदा होते. ते कोरड्या दिवसांत झाले तर एकही रानभाजीवाली त्यात दिसणार नाही आणि कागदावर ती कधी नव्हतीच असे ठरेल. कायद्यात प्रमाणपत्रासाठी स्थिर आणि फिरते विक्रेते यांच्याखेरीज "इतर" असा प्रवर्ग आहे. हंगामी विक्रेत्यांना त्यात घ्यावे आणि त्यांची मोजणी जून ते सप्टेंबर या काळातच करावी, असा परिच्छेद आम्ही अर्जात नव्याने घातला आहे. सह्यांऐवजी बहुतेक अंगठे असतील.

येत्या रविवारी त्या वाचायला येणार आहेत, म्हणजे आम्ही वाचू आणि त्या ऐकतील. येताना लोत आणते म्हणाल्या. ती घशाला खाजते, एवढे आम्हाला ठाऊक आहे. चिंच घालायची की काकड, हे विचारून मगच चूल पेटवणार आहोत.